सतराव्या वॉर्डातला मुलगा

नव्वदच्या दशकाची सुरुवात. न्यू ऑर्लिन्समधल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकानं फोनचं आन्सरिंग मशीन लावलं, की त्यातून एका पोराचा आवाज येई. निरोप असा काहीच नसे. पोरगा सरळ रॅप सुरू करी. पुढच्या वेळी पुन्हा त्याचाच फोन, पुन्हा नवं कडवं. गल्लीतल्या एका रॅपरच्या ओळखीनं या मुलाची आणि कंपनीच्या मालकाची गाठ पडली होती आणि मालकानं त्याला आपलं कार्ड दिलं होतं. मोठ्या माणसानं लहान पोराचं मन राखण्यासाठी द्यावं, तसंच ते दिलं असेल. मुलानं मात्र ते कार्ड म्हणजे नोकरीचं बोलावणंच आहे असं धरलं.

मुलाचं नाव ड्वेन मायकेल कार्टर. जन्म २७ सप्टेंबर १९८२, मोहल्ला हॉलीग्रोव्ह, वॉर्ड सतरावा. पुढे जून २००८ मध्ये 'लिल वेन' या नावानं त्याचा 'द कार्टर थ्री' हा अल्बम निघाला, तेव्हा अमेरिकेत पहिल्या एका आठवड्यात त्याच्या १० लाख ५ हजार ५४५ प्रती खपल्या. लोक इंटरनेटवरून गाणी फुकट उतरवून घेत होते, सीडीची दुकानं बंद पडत होती आणि रेकॉर्ड कंपन्या रडकुंडीला आल्या होत्या, त्या काळातला हा आकडा आहे. त्याआधीची तीन वर्षं अमेरिकेत कोणाही कलावंताला पहिल्या आठवड्यात दहा लाखांचा पल्ला गाठता आला नव्हता. आणि ज्यानं तो गाठला, त्यानं मधल्या काळात आपली शेकडो कडवी फुकट वाटली होती.

आन्सरिंग मशीनपासून या आकड्यापर्यंतचा रस्ता समजून घ्यायचा, तर आधी ते शहर समजून घ्यावं लागतं.

न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीच्या वळणात वसलेलं शहर. त्याचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि पाण्याला थोपवून धरतात ते बांध. शहराचे सतरा वॉर्ड आहेत. आपल्याकडे वॉर्ड आठवतो तो महापालिकेच्या निवडणुकीत. तिथे मात्र तो माणसाच्या ओळखीचा भाग असतो. तू कुठला, या प्रश्नाला तिथला माणूस वॉर्डाचा आकडा सांगतो, त्यातही सरकारी वसाहतीत राहत असला तर वसाहतीचं नाव सांगतो. मॅग्नोलिया, कॅलिओपी, मेलपोमीन ही अशा वसाहतींची नावं. बाहेरच्याला ती गोड वाटतील, पण नव्वदच्या दशकात त्यांच्याभोवती मरणाची छाया होती. १९९४ साली पाच लाखांहून कमी वस्तीच्या या शहरात चारशेहून अधिक खून झाले. दर लाख वस्तीमागे एवढे खून त्या वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या शहरात झाले नाहीत.

हेच शहर जॅझचं माहेर. गुलामगिरीच्या काळात इथल्या काँगो स्क्वेअरमध्ये गुलामांना रविवारी जमून ढोल वाजवायची, नाचायची मुभा होती. ती तालाची सवय शहराच्या अंगातून कधी गेली नाही. इथे प्रेतयात्रेतही ब्रास बँड असतो. बँड आणि मृताचे आप्त ही पहिली रांग. त्यांच्या मागे नाचत, छत्र्या आणि रुमाल उडवत चालणारी गर्दी ही 'सेकंड लाइन'. बँडचा ठेका असा लचकत चालतो, की दोन पायांवर सरळ चालणं अवघडच व्हावं. न्यू ऑर्लिन्सचं रॅप ऐकताना कानाला जो झोका जाणवतो, त्याचं मूळ या रस्त्यावर आहे.

आता एक मोठी विलक्षण गोष्ट. १९८६ साली न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातल्या 'शोबॉइज' या जोडीनं 'ड्रॅग रॅप' नावाचं गाणं काढलं. न्यू यॉर्कनं ते लवकरच विसरून टाकलं. पण दक्षिणेत, मेम्फिस आणि न्यू ऑर्लिन्समध्ये, ते डीजेंच्या हाती लागलं. त्यातले घंटेसारखे टणत्कार आणि ठोके त्यांनी वेगळे काढले आणि पुन:पुन्हा फिरवत ठेवले. १९९१ च्या सुमारास एमसी टी. टकर आणि डीजे अर्व्ह या जोडीनं याच ठेक्यावर गर्दीला हाळी द्यायला सुरुवात केली, आणि 'बाउन्स' नावाचा प्रकार उभा राहिला. बाउन्समध्ये लांबलचक कहाणी नसते. गाणारा एक वाक्य टाकतो, गर्दी ते झेलते. शाहिरामागे झीलकरी असतात, तसे इथे नाचणारे सगळेच झीलकरी. गाणारा एकेक वॉर्ड, एकेक वसाहत पुकारतो. ज्याचं नाव आलं तो उसळतो.

अशा गाण्याचं बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही एकाच ठिकाणी असतात. मॅग्नोलिया कुठे आहे हे ज्याला ठाऊक, त्याच्या अंगावर काटा येईल. शिकागोतल्या माणसाला त्यातलं काय कळणार? म्हणून बाउन्सच्या कॅसेटी शहरात हजारोंनी खपत आणि शहराबाहेर त्यांचं नावही निघत नसे. हिप-हॉपचे दरवाजे त्या काळी दोन शहरांच्या हातात होते, न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिस. दक्षिणेचा उच्चार त्यांना गावंढळ वाटे. ऑगस्ट १९९५ मध्ये न्यू यॉर्कमधल्या 'सोर्स' पुरस्कारांच्या सोहळ्यात अटलांटाच्या 'आउटकास्ट' या जोडीला नवोदितांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. दक्षिणेलाही काही सांगायचं आहे, असं त्यातल्या आंद्रे या विशीतल्या मुलानं माइकवरून त्या गर्दीला ठणकावलं. ते वाक्य दक्षिणेतल्या सगळ्या रॅपरांच्या मनात कोरलं गेलं. पण सांगायचं आहे ते पोचवायचं कसं, हा प्रश्न उरलाच होता.

ज्यांना बाजारात जागा मिळत नाही, ते स्वतःचा बाजार मांडतात. ब्रायन आणि रोनाल्ड या विल्यम्स बंधूंनी १९९१ मध्ये 'कॅश मनी रेकॉर्ड्स' सुरू केली. नाव त्या वर्षीच्या 'न्यू जॅक सिटी' या चित्रपटातल्या टोळीवरून घेतलं होतं. गाडीच्या डिकीत कॅसेटी भरायच्या, क्लबांत, दुकानांत, वसाहतींत हिंडून विकायच्या, आलेल्या पैशातून पुढची कॅसेट काढायची. बँकेचं कर्ज नाही, मोठ्या कंपनीची आगाऊ रक्कम नाही. यातून एक गोष्ट आपोआप घडली: गाण्याची पारख करणारा आणि गाणं विकत घेणारा यांच्यामध्ये कोणी उरलंच नाही. सोमवारी काढलेलं गाणं शनिवारी क्लबात चाललं नाही, तर ते मेलं.

या कंपनीचा खरा खजिना म्हणजे मॅनी फ्रेश. वडील डीजे, त्यामुळे तो तबकड्यांच्या ढिगातच वाढला. शहरातल्या पहिल्यावहिल्या हिप-हॉप मंडळींत तो होता. न्यू यॉर्कचे संगीतकार जुन्या तबकड्यांतले तुकडे उचलून गाणं रचत. मॅनी फ्रेश बराचसा भाग स्वतः वाजवायचा. ड्रम मशीनवर ब्रास बँडच्या पडघमांची चाल, वर कीबोर्डची झगमगती सुरावट. यात दुहेरी फायदा होता. आवाज शहराचा राहिला, आणि दुसऱ्याच्या तुकड्यांसाठी द्यावे लागणारे हक्काचे पैसेही वाचले. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढे जवळजवळ दहा वर्षं कॅश मनीचे अल्बम या एका माणसाच्या हातून निघाले. एका गल्लीची भाषा देशभर पोचवण्यात त्याचा जेवढा वाटा आहे, तेवढा श्रेय देताना क्वचितच दिला जातो.

आन्सरिंग मशीनवरचा तो ड्वेन या कंपनीत आला तो असा पोरसवदा. १९९५ मध्ये 'ट्रू स्टोरी' हा अल्बम निघाला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि 'बेबी डी' नावानं त्यात होता. मुख्य आवाज त्याच्याहून थोडाच मोठा असलेल्या बी.जी.चा. शाळेत ड्वेन हुशार मुलांच्या तुकडीत बसे. मॅकमेन शाळेत 'द विझ' हे नाटक झालं, त्यात त्यानं टिनच्या माणसाची भूमिका केली होती.

त्या बालपणात एक दिवस फार काळा होता. १९९४ च्या नोव्हेंबरात घरातल्या पिस्तुलाची गोळी त्याच्या छातीत शिरली. घरी आलेल्या एका पोलीस अधिकाऱ्यानं त्याला तातडीनं इस्पितळात पोचवलं, म्हणून तो वाचला. अनेक वर्षं तो याला अपघात म्हणत आला. २०२१ साली एका मुलाखतीत त्यानं पहिल्यांदा सविस्तर सांगितलं, की तो अपघात नव्हता. रॅप आपल्याकडून हिरावून घेतलं जाणार या भयानं बारा वर्षांचं मन कोसळलं होतं. लहान मुलांच्या मनाच्या दुखण्याकडे घरानं लक्ष द्यावं, म्हणून आता बोलतो आहे, हेही त्यातून कळत होतं. पुढे त्याच्या सावत्र वडिलांचा खून झाला. चौदाव्या वर्षी त्यानं शाळा सोडली.

१९९७ मध्ये कॅश मनीनं चार पोरांचा एक गट केला: बी.जी., ज्युव्हेनाइल, टर्क आणि लिल वेन. गटाचं नाव 'हॉट बॉइज'. त्यात वेन सर्वांत लहान. याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाकडून एक धडा समोर आला होता. कॅलिओपी वसाहतीतल्या मास्टर पीनं आपल्या 'नो लिमिट' कंपनीसाठी एका मोठ्या वितरकाशी असा करार केला, की तबकड्या दुकानांत त्यांनी पोचवायच्या, पण मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी त्याचीच राहील. १९९७ मध्ये त्याचा 'घेटो डी' हा अल्बम देशाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. विल्यम्स बंधूंनी तोच मार्ग धरला. १९९८ मध्ये युनिव्हर्सल कंपनीशी त्यांचा करार झाला. तो सुमारे ३ कोटी डॉलरचा असल्याचं सांगितलं जातं. मूळ मुद्रणं कॅश मनीचीच राहिली. गंमत नव्हे, दुःखाची बाब ही, की ज्या कंपनीनं स्वतःसाठी एवढ्या जिद्दीनं मालकी मिळवली, तिच्याशीच २०१५ साली वेनला पैशांसाठी ५ कोटी १० लाख डॉलरचा दावा लढावा लागला. तो मिटायला २०१८ उजाडलं.

करारानंतरचा पहिला मोठा बार ज्युव्हेनाइलनं उडवला. १९९८ च्या '४०० डिग्रीज'च्या अमेरिकेत ४० लाखांहून अधिक प्रती गेल्या. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या नाचाच्या गाण्याच्या शेवटी एक किडकिडीत आवाज येऊन ओळी फेकतो. तो सोळा वर्षांचा वेन. १९९९ मध्ये बी.जी.च्या एका गाण्यामुळे 'ब्लिंग ब्लिंग' हा शब्द जगभर गेला आणि पुढे ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसला. त्या गाण्यातही वेन होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वेनचा स्वतःचा पहिला अल्बम आला, 'द ब्लॉक इज हॉट'. तो यादीत थेट तिसऱ्या क्रमांकावर उतरला. या अल्बमात वेनच्या तोंडी शिव्या नाहीत, कारण आईला तसा शब्द दिला होता. रस्त्यावरच्या मारामाऱ्या आहेत, पोलिसांची भीती आहे, पण आईचा शब्द मोडलेला नाही.

यानंतर गोष्ट सरळ वर गेली असती, तर ती फारशी सांगण्यासारखी राहिली नसती. पण २००२ पर्यंत बी.जी., ज्युव्हेनाइल आणि टर्क तिघंही पैशांच्या तक्रारी करत कंपनी सोडून गेले. वेनचे पुढचे दोन अल्बम जेमतेम चालले. विशीच्या उंबरठ्यावर तो एका ओसरलेल्या लाटेत मागे राहिलेला पोरगा म्हणून ओळखला जाऊ लागला होता. या पडत्या काळातच त्यानं आपली कला नव्यानं घडवली.

पहिली गोष्ट, त्यानं लिहिणं सोडलं. वह्यांत साठलेलं सगळं त्यानं एका अर्ध्या तासाहून लांब ध्वनिमुद्रणात रिकामं केलं आणि त्यानंतर कागद हाती धरला नाही. ठेका लावायचा, माइकसमोर उभं राहायचं, एक-दोन ओळी सुचल्या की म्हणायच्या, थांबायचं, पुढच्या म्हणायच्या. असं केल्यानं रॅप बदलतो. लिहिणारा रॅपर अर्थाच्या धाग्यानं पुढे जातो. माइकसमोर जोडणारा रॅपर ध्वनीच्या धाग्यानं जातो. एका शब्दाचा उच्चार दुसऱ्याला ओढून आणतो, त्यातून अनपेक्षित उपमा निघते, उपमेतून श्लेष, आणि अर्थ मागून धावत येतो. वेनच्या उत्तम कडव्यांत श्रोत्याला हसू दोन क्षण उशिरा येतं, ते यामुळेच.

दुसरी गोष्ट, उच्चार. न्यू ऑर्लिन्सच्या बोलीत शब्दांचे शेवट गिळले जातात आणि स्वर ओढले जातात. त्यामुळे कागदावर न जुळणारे शब्द तोंडात जुळतात. वऱ्हाडीत किंवा मालवणीत सहज बसणारं यमक प्रमाण मराठीत बसेलच असं नाही, तसंच हे. न्यू यॉर्कला जो उच्चार गावंढळ वाटत होता, तोच वेनसाठी यमकांची वाढीव तिजोरी ठरला. त्यात त्याचा आवाज वयाबरोबर घोगरा होत गेला, बेडकासारखा, आणि तो आवाज लपवण्याऐवजी त्यानं वाद्यासारखा वापरला.

तिसरी गोष्ट मिक्सटेप. हीसुद्धा मुळात न्यू यॉर्कची. पूर्वी डीजे आपल्या आवडीची, अजून बाजारात न आलेली गाणी एका कॅसेटवर जोडून विकत. २००२ मध्ये क्वीन्सच्याच फिफ्टी सेंटनं त्याचा नवा उपयोग दाखवला. त्याच्यावर गोळीबार झाल्यावर मोठ्या कंपनीनं त्याला सोडून दिलं होतं. त्यानं दुसऱ्यांच्या गाजलेल्या ठेक्यांवर स्वतःची पूर्ण गाणी रचली आणि मिक्सटेपमधून बाजारात सोडली. वेननं हे हत्यार घेतलं आणि त्याला परजून परजून वेगळंच करून टाकलं. २००२ पासून आपल्या मित्रांच्या 'स्क्वाड अप' गटाबरोबर, मग एकट्यानं. २००४ मध्ये त्यानं जे-झीच्या 'ब्लॅक अल्बम'चे ठेके घेतले. जे-झीनं तेव्हा निवृत्ती जाहीर केली होती. त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे वेननं बोट दाखवलं, ते असं त्याच्याच संगीतावर उभं राहून.

त्याच वर्षी 'द कार्टर' आला, आणि लोकांच्या लक्षात आलं की हा तो जुना पोरगा नाही. नावात त्याचं आडनाव होतं, शिवाय 'न्यू जॅक सिटी'मधल्या त्या टोळीच्या इमारतीचं नावही. हा त्याचा मॅनी फ्रेशबरोबरचा शेवटचा मोठा अल्बम. पुढच्या वर्षी मॅनी फ्रेशही कंपनी सोडून गेला. आता ना जुने साथीदार, ना जुना संगीतकार.

आणि मग शहरच गेलं.

२९ ऑगस्ट २००५. कटरिना वादळ किनाऱ्यावर आलं, बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. हॉलीग्रोव्ह बुडालं. हजारो कुटुंबं ह्यूस्टन, अटलांटा, बॅटन रूज अशी विखुरली. अनेक जण परतलेच नाहीत. ज्या वसाहतींची नावं पुकारत बाउन्स जन्मला, त्यांतल्या मॅग्नोलिया, कॅलिओपी यांच्यासह चार मोठ्या वसाहती पाडायला शहराच्या कौन्सिलनं डिसेंबर २००७ मध्ये एकमतानं मंजुरी दिली. रहिवासी सभागृहाबाहेर निदर्शनं करत होते. रॅपर जे वॉर्ड पुकारायचा, तो वॉर्डच नकाशावरून पुसला गेला तर त्यानं काय पुकारायचं?

वेनचं उत्तर २००६ च्या 'डेडिकेशन टू' या मिक्सटेपमध्ये आहे. अटलांटाच्या डीजे ड्रामाबरोबर काढलेल्या या संग्रहाच्या शेवटाकडे 'जॉर्जिया बुश' नावाचं गाणं येतं. जॉर्जिया राज्याच्या कौतुकाच्या एका गाण्याचा ठेका घेऊन वेननं तो राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्यावर उलटवला. बांध का फुटले, मदतीला एवढे दिवस का लागले, काळ्या वस्तीचंच पाणी का ओसरत नव्हतं, हे प्रश्न तो संतापानं विचारतो. एखाद्या बड्या कंपनीच्या अल्बमात हे गाणं वकिलांच्या आणि विक्रीवाल्यांच्या चाळणीतून एवढ्या लवकर बाहेर आलं नसतं. मिक्सटेपला चाळणीच नव्हती. कटरिनावर जी काही कला त्या काळात निर्माण झाली, तिच्यात या गाण्याचं स्थान फार वरचं आहे, आणि ते फुकट वाटलेलं गाणं होतं.

'फुकट' हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. दुसऱ्याचा ठेका परवानगीशिवाय वापरलेला, म्हणून मिक्सटेप रीतसर विकता येत नसे. पण रेकॉर्ड कंपन्या त्याकडे डोळेझाक करत, कधी स्वतःच डीजेंकडे गाणी पोचवत. जाहिरात होत होती ना. त्यात इंटरनेट आलं. सतराव्या वॉर्डातल्या मुलाचं गाणं रात्री अपलोड झालं की सकाळी सिएटलच्या वसतिगृहात वाजू लागलं. रेडिओवाल्याची मर्जी नको, दुकानातली फळी नको. गाडीच्या डिकीतून कॅसेट विकण्याचाच हा पुढचा अवतार होता. फक्त डिकीला आता तळ उरला नव्हता.

ही व्यवस्था किती दुटप्पी होती, ते जानेवारी २००७ मध्ये दिसलं. रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेच्या मदतीनं पोलिसांनी अटलांटात डीजे ड्रामाच्या स्टुडिओवर छापा घातला, ८१ हजारांहून अधिक सीडी जप्त केल्या आणि त्याला संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली अटक केली. ज्या कंपन्यांच्या कलावंतांची तो जाहिरात करत होता, त्याच उद्योगानं त्याला चोर ठरवलं. त्या छाप्यानंतर अनेक जण धास्तावले. वेननं तीनच महिन्यांत 'द ड्रॉट थ्री' ही दोन सीडींची मिक्सटेप काढली.

तीत त्यानं बियॉन्से, नार्ल्स बार्कली अशा त्या दिवसांत गाजणाऱ्या मंडळींचे ठेके घेतले आणि एकामागून एक आपले करून टाकले. मूळ गाणं ज्याला पाठ आहे, त्याला हे ऐकताना वेगळाच आनंद मिळतो. ओळखीच्या बंदिशीत एखादा गवई अशी जागा घेतो, की बंदिश पुन्हा नवी होते, त्या जातीचा तो आनंद आहे. त्याच वर्षी डीजे खालेद, कान्ये वेस्ट, जे-झी यांच्यापासून पॉप गायकांपर्यंत जो बोलावेल त्याच्या गाण्यात वेन एक कडवं म्हणून येत होता. हॉटेलच्या खोलीत, बसमध्ये, जिथे असेल तिथे माइक लावून तो मुद्रण करी. 'व्हाइब' मासिकानं २००७ मधल्या वेनच्या सर्वोत्तम ७७ गाण्यांची यादी छापली. एका वर्षातली सर्वोत्तम सत्त्याहत्तर! आणि त्या वर्षी त्याचा बाजारात विकला जाणारा नवा अल्बम एकही नव्हता.

'कार्टर थ्री'साठी केलेली गाणी तर तयार होण्याआधीच फुटत होती. कोणी स्टुडिओतून चोरून इंटरनेटवर टाकी. वेननं ती बाजूला ठेवली आणि नवी केली. काही फुटलेली गाणी डिसेंबर २००७ मध्ये 'द लीक' या नावानं कंपनीनं स्वतःच बाजारात आणली.

एवढं फुकट मिळाल्यावर पैसे कोण देणार, असं हिशेबी माणसाला वाटेल. लोकांनी दिले. पहिल्या आठवड्यातला तो दहा लाखांचा आकडा वर आलाच आहे; वर्ष संपेपर्यंत अमेरिकेत 'कार्टर थ्री'च्या २८ लाखांहून अधिक प्रती गेल्या आणि २००८ चा तो तिथला सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. तीन-चार वर्षं ज्याचा आवाज रोज कानावर पडत होता, त्याचं हे देणं लोक फेडत होते, असं म्हणावंसं वाटतं. 'लॉलिपॉप' हे गाणं पाच आठवडे देशात पहिल्या क्रमांकावर होतं. त्यात आवाजाला यंत्रानं धातूसारखी झिलई दिली आहे. त्याचं सुरेल अंग सांभाळणारा सहगायक स्टॅटिक मेजर गाणं बाजारात येण्याआधीच, फेब्रुवारी २००८ मध्ये वारला.

पण अल्बमचा गाभा 'अ मिली'त आहे. संगीतकार बांगलादेश या टोपणनावाचा अटलांटाचा निर्माता. एका शब्दाचा तुटका, खर्जात नेलेला तुकडा अखंड फिरत राहतो, खाली ढोलाचे ठोके आणि वर नुसता वेन. धृपद नाही, सुरावट नाही, विसावा नाही. रेडिओच्या कुठल्याही नियमात न बसणारं हे गाणं रेडिओवर तुफान चाललं. तो फिरणारा तुकडा कुठला, तर 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'च्या एका जुन्या गाण्याच्या रिमिक्समधला. तो गट क्वीन्सचा. बाउन्सचा मूळ ठेका क्वीन्सचा, मिक्सटेपची नवी रीत क्वीन्सची, आणि हा तुकडाही तिथलाच. क्वीन्सनं टाकलेलं किंवा वापरून ठेवलेलं उचलावं आणि त्यात आपलं पाणी भरावं, हे न्यू ऑर्लिन्सनं तीनदा केलं. पुढच्याच वर्षी दिशा उलटली: क्वीन्समध्ये वाढलेली निकी मिनाज वेनच्या 'यंग मनी' कंपनीत दाखल झाली. टोरांटोचा ड्रेकही त्याच वर्षी आला. चौदा वर्षांपूर्वी दक्षिणेची हुर्यो उडवणाऱ्या शहराची सर्वांत तेज मुलगी आता दक्षिणेच्या दारातून जगापुढे येत होती.

'कार्टर थ्री'च्या वेष्टनावर वेनचा लहानपणीचा फोटो आहे. गोल चेहरा, अंगात कोट, आणि चेहऱ्यावर व हातावर मोठेपणीचे सगळे टॅटू चिकटवलेले.

८ फेब्रुवारी २००९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा होता. वेनला आठ नामांकनं होती, त्यांतले चार पुरस्कार त्याला मिळाले. सर्वोत्तम रॅप अल्बमचाही. मंचावर गायची वेळ आली, तेव्हा त्यानं 'लॉलिपॉप' निवडलं नाही. रॉबिन थिकबरोबर तो 'टाय माय हँड्स' गायला, कटरिनात हतबल झालेल्या माणसांचं गाणं. पियानोवर न्यू ऑर्लिन्सचे बुजुर्ग संगीतकार ॲलन तूसाँ होते. त्यांचं घर त्याच पुरात गेलं होतं. कर्णा टेरेन्स ब्लँचर्डच्या ओठी होता, तोही त्याच शहराचा. मागच्या पडद्यावर बुडालेल्या वस्त्यांची चित्रं सरकत होती. गाणं संपत आलं आणि डर्टी डझन ब्रास बँडनं सेकंड लाइनचा ठेका धरला. हॉलीग्रोव्हच्या रस्त्यांवरून प्रेतामागे आणि वरातीमागे वाजत जाणारा तोच लचकता ठेका. कोट्यवधी लोक दूरचित्रवाणीवर पाहत होते, आणि सतराव्या वॉर्डातला मुलगा बँडच्या तालावर पावलं टाकू लागला.